मदत हवी आहे: गाणी चाहत्यांना थेट कशी विकायची?

आम्ही तिघं, गाणी स्वतःचीच, त्यामुळे हक्कांची भानगड नाही. सहा गाणी आणि तालमीची रेकॉर्डिंगं फक्त पैसे देणाऱ्यांना द्यायची आहेत, २०० रुपयांत. घेणारे साधारण दीडशे, बहुतेक पुण्या-नाशिकचे, पाच-सहा अमेरिकेत.

बँडकॅम्प (कलाकारांना गाणी थेट विकू देणारी साइट) पाहिलं. डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतात, तेही चाललं असतं. पण पैसे पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेमार्फत, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केलेत. म्हणजे अमेरिकेतला भाचा घेईल, कोथरूडची मावशी नाही! यूट्यूब मेंबरशिपमध्ये ३० टक्के जातात, शिवाय फाइल हातात मिळत नाही.

मग क्यूआर कोड ठेवला; स्क्रीनशॉट आला की ड्राइव्हची लिंक पाठवायची. चौथ्याच दिवशी तीच लिंक एका सोसायटीच्या ग्रुपवर, खाली 'मस्त गाणी, फुकट आहेत'. रात्री अकराला स्क्रीनशॉट जुळवत बसायचं ते वेगळंच.

वेबसाइट, कंपनी, जीएसटी नोंदणी यातलं काही नाही. चोरी पूर्ण थांबणार नाही, हे कळतं. यूपीआयने पैसे आले की प्रत्येकाला आपोआप वेगळी, एक-दोनदाच चालणारी लिंक जाईल अशी सोय वैयक्तिक पॅनवर कुणी स्वतः वापरली आहे का? आणि पैसे खात्यात किती दिवसांनी जमा होतात?