झेडपीच्या शाळेतला आठवडा: तुमचं काय काय होतं?

रानजाई: घराचं काम काढलंय म्हणून सध्या भाड्याच्या खोलीत आहोत, मागे जिल्हा परिषदेची शाळा. परिपाठ सुरू झाला की प्रतिज्ञा पार ओट्यापर्यंत ऐकू येते. आज एक बारकी पोर दिनविशेष सांगताना मधेच अडकली, गप्पच झाली, मग बाईंनी हळूच सांगितलं असणार कारण पुढचं तिने दणक्यात म्हटलं आणि अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या. मला पोळ्या लाटताना भरून आलं. आमची शाळा दोनशिक्षकी, कराड तालुक्यात. सोमवारचा परिपाठ कोणाचा ते शनिवारी ठरायचं, मग रविवारभर घरात सुविचार पाठ. सोमवारी पाण्याला गेलं की बायका आईला विचारायच्या, आज तुझ्या पोरीचं ना गं? मार्क नि नंबर सोडून शाळेच्या आठवड्यातलं असं तुमचं काय होतं ते लिहा. आठवेल तसं.

गवतीचहा: शनिवार!!! सकाळची शाळा, कवायत, एक साथ सावधान आणि मग वर्ग सारवणं. आधी शेण, पाणी, सारवण सगळं मुलींकडेच. नवीन बाई आल्या त्यांनी एक शनिवार मुली एक शनिवार मुलं असं लावून दिलं. गावात बोलणं झालं पण बाई हटल्या नाहीत. माझा भाऊ आजही सणाला अंगण सारवतो, इतकं एकसारखं की बघत राहावं

ओढ्याकाठी: रानजाईताई कराडला कुठं? माझं माहेर ओगलेवाडी

माळरान: आमच्याकडे बुधवारचा बाजार, निम्मा वर्ग रिकामा. उरलेल्यांना गुरुजी पावकी निमकी पाऊणकी सवायकी दिडकी अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे सगळे म्हणायला लावायचे. आमच्याकडे बाजारात विकायला काही नसायचं म्हणून मी दर बुधवारी शाळेत. पुढं कापडाच्या दुकानात लागलो, पहिल्याच दिवशी शेठनी विचारलं छत्तीस रुपयांनी अडीच मीटर किती? शब्द संपायच्या आत नव्वद सांगितले. संध्याकाळी गुरुजींच्या घरी जाऊन पाया पडलो

गवतीचहा: @माळरान काटा आला वाचून

तीळगूळ६१: तुम्ही सगळे खिचडीवाले. आम्हाला ७२च्या दुष्काळात सुकडी मिळायची. वडील रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर, घरात धान्य नाही. सुकडी मी निम्मी खाऊन निम्मी धाकट्या बहिणीला न्यायचो. गुरुजींना दिसत होतं. त्यांनी कधी अडवलं नाही, वाढताना माझ्या ताटलीत जरा जास्त पडायची एवढंच.

रानजाई: काका 🙏 बहीण कशी आहे आता?

तीळगूळ६१: मजेत. आजी झाली.

पिवळीछत्री: १९९५ला शाळेतल्या आहाराची योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं नव्हतं ना, ऐंशी टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. आई आजारी होती, मला घरी ठेवायचं असं आजी म्हणत होती. तांदळासाठी का होईना शाळा सुटली नाही. शिवाय काही मुलींना हजेरीचा दिवसाला एक रुपया होता. आज कोणी म्हणतं एक रुपयात काय होतं, तर आमच्या घरात ठरवताना तो रुपया पण धरला जायचा. मी शिकले. नर्स आहे

ओढ्याकाठी: किती गुणी गं तू

डोंगरवाट: मी मेळघाटात शिकवतो. पहिलीतली मुलं घरी कोरकू बोलतात, पुस्तक मराठी. पहिला आठवडा चौथीतली एक मुलगी माझ्या शेजारी बसून सगळं समजावून सांगायची, तिच्याशिवाय वर्ग चाललाच नसता. मग मी रोज तिच्याकडून शब्द घ्यायचो. शुक्रवारी एक पोरगा, जो दारातच बसायचा, आत येऊन माझा हात धरून फळ्यापर्यंत घेऊन गेला आणि खडू मागितला. कोरकूत मागितला, मला कळला!! स्कॉलरशिपचा निकाल पेपरात येतो, हे कुठे येणार. पण आमच्यासाठी तो आठवडा याच्यामुळेच लक्षात राहिला.

माळरान: सर सलाम

काजूबोंडू: गोव्यात पेडण्यातली सरकारी मराठी शाळा. चवथीच्या (गणपतीच्या) आधीच्या आठवड्यात बाई आम्हाला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगतात त्याचं, सामान आणायला सांगायच्या, कांगलां, कवंडळं, सुपाऱ्यांचे घोस. नाव सांगायचं आणि झाड कुठे बघितलं तेही. वाचनात मागे असलेला आमचा एक मित्र त्या दिवशी सगळ्यांना शिकवायचा, बाई खाली बसून वहीत लिहून घ्यायच्या. आता तो जंगलखात्यात आहे 😊

ओढ्याकाठी: कवंडळं म्हणजे ती लाल गोल? आमच्याकडे पण दिसतात

काजूबोंडू: हो तीच, पिकली की लालभडक. खाऊ नका हां, विषारी असतात

चूलवैल: माझी आई शाळेत खिचडी शिजवते. वाढायच्या आधी बाई चव घेतात, मगच पोरांना. २०२३ला आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं तेव्हा आई आदल्या रात्री झोपली नाही, फुटली तर पोरांना कमी पडतील म्हणून. एकही फुटलं नाही. एका पोराने अर्धं खाऊन अर्धं तिलाच आणून दिलं

गवतीचहा: अगं तिच्या खिचडीची कृती टाक ना, घरी ती चव येतच नाही

चूलवैल: विचारून सांगते. मटकी आदल्या दिवशी भिजवते आणि कांदा लसूण मसाला घालते एवढं माहितीये. पण ती चुलीवर करते ताई, गॅसवर पाणी थोडं कमी घाल