क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर): 500 मीटरच्या आतल्या विहिरी निवडताना कधी सगळ्याच येतात, कधी एकही नाही

सातारी_नकाशे: सातारा जिल्ह्यातल्या विहिरींचा एक पॉइंट लेअर (बिंदूंचा थर) आहे, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांचा दुसरा. दोन्ही ईपीएसजी 4326 (अक्षांश-रेखांशाची संदर्भप्रणाली) मध्ये. स्रोतापासून 500 मीटरच्या आतल्या विहिरी हव्या आहेत. बफरमध्ये (स्रोताभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ) 500 टाकून ‘सिलेक्ट बाय लोकेशन’ चालवलं की झाडून सगळ्या विहिरी पिवळ्या होतात. मग स्रोतांच्या लेअरला ‘सेट लेअर सीआरएस’ने (सीआरएस म्हणजे संदर्भप्रणाली) मीटरमधला 32643 दिला, तर एकही निवडली जात नाही. काय चुकतंय?

अक्षांश७४: 4326 चं एकक अंश आहे. तुमचा बफर 500 अंशांचा झाला, त्यात अख्खी पृथ्वी आली. बफरच्या खिडकीत आकड्याशेजारी एकक दिसतं, ते दर वेळी बघाच.

‘सेट लेअर सीआरएस’ आकडे बदलत नाही, फक्त पाटी बदलतं. 74 आणि 17.7 हे अंश आता मीटर समजले गेले आणि तुमचे स्रोत विषुववृत्तालगत हिंदी महासागरात जाऊन पडले. आधी त्या लेअरला पुन्हा 4326 द्या. मग प्रोसेसिंग टूलबॉक्समधून ‘रिप्रोजेक्ट लेअर’ चालवून दोन्ही लेअर 32643 मध्ये नव्याने बनवा. त्यावर 500 चा बफर. मग व्हेक्टर मेनूत ‘रिसर्च टूल्स’खाली ‘सिलेक्ट बाय लोकेशन’: वर विहिरी, खाली बफर, मध्ये ‘इंटरसेक्ट’ (कुठेही छेदणारे).

साताऱ्याला यूटीएमचा (पृथ्वीच्या 6-6 अंशांच्या उभ्या पट्ट्यांची प्रणाली) 43 वा झोन, म्हणजे 32643, बरोबर आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली 78 रेखांशाच्या पूर्वेला, तिथे 32644 घ्या.

सीमारेषा: बफरमधले ‘सेगमेंट्स’ 5 वर ठेवू नका. तो आकडा पाव वर्तुळाचा आहे, म्हणजे तुमचं वर्तुळ खरं तर 20 बाजूंचा बहुभुज. बाजूच्या मध्यावर तो सुमारे 6 मीटर आत येतो, आणि 496 मीटरवरची विहीर सुटू शकते. अंतराची अट कायद्याची असेल तर हे चालणार नाही. 30 केलं की फरक 20 सेंटिमीटरच्याही आत येतो. त्याहून सरळ म्हणजे ‘सिलेक्ट विदिन डिस्टन्स’: दोन्ही लेअर 32643 मध्ये असले की बफर न बनवताच नेमकं अंतर तपासलं जातं.

सातारी_नकाशे: जमलं, आभार! आता या बफरमध्ये येणारी गावं काढायची आहेत. ‘ओव्हरलॅप’ घेऊ का?

सीमारेषा: नको. बफरमध्ये पूर्ण सामावलेलं गाव ‘ओव्हरलॅप’मध्ये धरलं जात नाही, आणि नेमकं तेच तुम्हाला हवं असणार. ‘इंटरसेक्ट’च ठेवा. गावांच्या पॉलिगॉनवर ‘इनव्हॅलिड जॉमेट्री’ची (सदोष आकाराची) तक्रार आली तर आधी ‘फिक्स जॉमेट्रीज’ चालवा. चुकीची फीचर्स (लेअरमधल्या आकृती) वगळण्याचा पर्याय निवडलात तर ती गावं यादीतून गळतील.

अक्षांश७४: निवड झाल्यावर ‘सेव्ह सिलेक्टेड फीचर्स’ने जिओपॅकेज या फाइल प्रकारात ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्यांची नावं 10 बाइटांवर तुटतात, आणि देवनागरीचं एक अक्षरच 3 बाइट खातं.