नवीन कलमं लावायची का? तापमानवाढीचं कारण समजून घ्यायचं आहे

कातळावरची (देवगड):

नमस्कार. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. सासऱ्यांनी लावलेली कलमं आता पन्नाशीला आली आहेत. वरच्या अंगाला कातळाचा एक मोठा तुकडा मोकळा पडून आहे. मुलगा म्हणतो, खड्डे फोडून घेऊ, माती भरू आणि येत्या पावसात तिथे कलमं लावू. खर्च मोठा आहे, कर्ज काढावं लागेल.

माझी अडचण अशी की बागेचं वेळापत्रकच राहिलेलं नाही. पूर्वी दसऱ्यानंतर पाऊस थांबायचा, जमीन सुकायची, झाडाला ताण बसायचा आणि थंडी पडली की मोहोर यायचा. आता दिवाळीतही पाऊस पडतो आणि झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. पुढे कणी धरली, फळ सुपारीएवढं झालं, की जानेवारी-फेब्रुवारीत गारठा येतो आणि पुन्हा मोहोर फुटतो. झाड मग त्या नव्या मोहोराला पोसतं आणि आधीचं फळ गळतं. सकाळी झाडाखाली गेलं की हिरव्या सुपाऱ्यांचा सडा. मार्चमध्ये मध्येच असं ऊन पडतं की एका बाजूने फळ भाजून निघतं. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा झाडावर उरलेला सगळा माल जमिनीवर आला, काही जुनी कलमं तर मुळासकट पडली.

माझे दीर म्हणतात, हे निसर्गाचं चक्र आहे, काही वर्षं वाईट जातात, मग चांगली येतात. मुलगा म्हणतो, हे ग्लोबल वॉर्मिंग आहे, कोळसा आणि पेट्रोल जाळल्याचा परिणाम. मला कारण कळायलाच हवं, कारण कलम धरायला पाच-सहा वर्षं लागतात आणि पुढे ते दोन पिढ्या उभं राहतं. चक्र असेल तर थोडं थांबून लावता येईल. चक्र नसेल तर थांबून उपयोग काय? तर हे कारण नक्की कशावरून ओळखतात?

बागायतदार (रत्नागिरी):

ताई, तुम्ही लिहिलंत ते सगळं इकडेही तसंच आहे. पण सगळाच दोष हवामानाला देऊ नका. दरवर्षी न चुकता कल्टार (पालवी रोखून मोहोर आणणारं औषध) घालून झाडं थकवली आहेत. फवारण्या इतक्या वाढल्या की फुलकिडे औषधाला दाद देत नाहीत. जुन्या बागांत फांदीला फांदी लागली आहे, आत ऊन नाही, वारा नाही. छाटणी कोणी करत नाही. हे आपल्या हातातलं आहे.

दुसऱ्या मोहोराचं मात्र खरं आहे. त्यावर जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाची फवारणी सांगतात, मी करतो, थोडा फरक पडतो. पण थंडी कधी पडावी हे फवारणीने ठरत नाही.

निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्र (पुणे):

ताई, कारण समजल्याशिवाय लावायचं की नाही हे ठरणार नाही, हे तुमचं म्हणणं मला फार पटलं. म्हणून कारणाबद्दलच लिहितो.

चक्र म्हटलं की ते कशाने फिरतं हे सांगता आलं पाहिजे. पहिला संशय सूर्यावर. सूर्याचं तेज १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रहांवरून मोजलं जातं. ते सुमारे ११ वर्षांच्या फेऱ्यात किंचित कमीजास्त होतं, पण वाढत गेलेलं नाही. पृथ्वीचं तापमान मात्र त्याच काळात चढत गेलं. शिवाय सूर्यामुळे तापत असतं तर हवेचे वरचे थरही तापले असते. मोजमाप उलटं सांगतं: जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचं स्थितांबर थंड होतं आहे. खालची उष्णता बाहेर पडताना अडत असेल तर असंच व्हायला हवं.

अडवणारा कोण, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून तो सलग मोजला जातो. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कारखानदारीपूर्वीचा आकडाही कळतो, तो २८० च्या आसपास होता.

मग ही भर ज्वालामुखीतून आली नाही कशावरून? हा पुरावा मला सगळ्यात भक्कम वाटतो. वनस्पती हवेतून कार्बन घेताना हलका कार्बन-१२ जास्त घेतात आणि जड कार्बन-१३ कमी. कोळसा आणि तेल म्हणजे गाडल्या गेलेल्या जुन्या सजीवांचंच रूप, त्यामुळे त्यांत कार्बन-१३ कमी असतो. आज हवेतल्या कार्बनमध्येही कार्बन-१३ चं प्रमाण घटत चाललं आहे. सोबत हवेतला प्राणवायूही अगदी किंचित का होईना, कमी होतो आहे, कारण जळताना तो खर्च होतो. ज्वालामुखीच्या वायूने प्राणवायू असा घटला नसता. थोडक्यात, हवेत वाढलेला कार्बन कुठून आला हे त्याच्यावरूनच ओळखता येतं, आणि तो जाळलेल्या इंधनातून आणि तोडलेल्या जंगलांतून आला आहे.

तुमच्या दिरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एल निनोसारखे (काही वर्षांनी प्रशांत महासागराचं पाणी तापतं, तसे) फेरे खरेच आहेत, आणि एखादा हंगाम वाईट गेला तो त्यांच्यामुळेही असू शकतो. पण ते फेरे चढत्या जिन्यावर खालीवर होत आहेत. फेरा संपला की आपण मागच्या पायरीवर परत येत नाही.

कातळावरची:

सर, मनापासून आभार. कार्बनचं समजलं, मुलालाही वाचून दाखवलं. पण एक गोष्ट अडते. जग तापतंय, तर आमच्या आंब्याला जानेवारी-फेब्रुवारीतला गारठा कसा काय नडतो? दीर नेमका हाच मुद्दा काढतात. आणि दुसरं, सगळ्यांनी उद्या कोळसा जाळायचा थांबवला तर हे किती वर्षांत मूळपदावर येईल?

निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्र (पुणे):

गारठ्याचं आधी. सरासरी वाढली म्हणून थंडीच्या लाटा बंद होत नाहीत, उत्तरेकडून गार वारे येतच राहणार. बागायतदारांनी लिहिलंय ते महत्त्वाचं आहे: थंडी कधी पडावी. हापूसला डिसेंबरची थंडी हवी असते, फळ धरल्यावरची नको असते. पाऊस लांबला, ताण उशिरा बसला, की सगळा क्रम पुढे सरकतो आणि हवी असलेली थंडीच नको त्या वेळी गाठते. तुमच्या अमुक वर्षाच्या अमुक गळीला तापमानवाढच कारणीभूत, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. क्रम बिघडण्याची शक्यता वाढली आहे, एवढं म्हणेन.

भारतापुरतं एक सांगतो. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. जगाची वाढ याहून जास्त आहे. यात समाधान मानण्यासारखं काही नाही. आपल्या हवेतल्या धुराच्या आणि धुळीच्या कणांनी काही ऊन परत पाठवलं, हे त्याचं एक मोठं कारण आहे. माणसांच्या फुप्फुसांसाठी ती हवा स्वच्छ करायलाच हवी, आणि ती झाली की झाकलेली वाढ उघडी पडेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कठीण आहे, पण तुमच्या कर्जाचा प्रश्न आहे म्हणून स्पष्ट लिहितो. मूळपदावर येणार नाही, निदान कलमांच्या आयुष्यात नाही. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. जाळणं थांबलं तर तापमान चढायचं जवळपास थांबेल, उतरेल असं नाही. किती वर चढून थांबायचं एवढं अजून माणसाच्या हातात आहे, आणि त्यातला प्रत्येक दशांश अंश तुमच्या बागेसाठी मोलाचा आहे.

बंदरावरून (हर्णै):

आमच्याकडचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्याआधी नोव्हेंबर २००९ ला फयान. आमच्या आजोबांच्या तोंडी वादळ म्हणजे बंगालच्या उपसागरातलं, आंध्र-ओडिशातलं. आता ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठते, जरा मासळी लागायला लागते तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात इशारा येतो आणि नौका बंदरात बांधून ठेवाव्या लागतात. खलाशांचा पगार, बर्फ, डिझेलची उधारी काही थांबत नाही. सर, समुद्र खरंच तापलाय का?

निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्र (पुणे):

हो. अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रच पोटात घेतात. चक्रीवादळाला पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर लागतं. अरबी समुद्र पूर्वी उपसागरापेक्षा थंड असायचा, म्हणून आजोबांचं म्हणणं त्या काळी बरोबरच होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास सांगतो की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली, आणि ती जास्त वेळ टिकू लागली. शिवाय हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तसे पाऊस यापुढे जास्त धरून चला.

कातळावरची:

दोन दिवस घरात यावरच बोलणं चाललं होतं. ठरलं ते असं: कलमं लावायची, पण सगळ्या कातळावर नाही. अर्ध्यातच लावू, कर्जही तेवढंच. चांगल्या हवेची वाट बघत थांबायचं नाही, कारण ती परत येणार नाही हे आता कळलं. उरलेल्या भागाला काजू की आणखी काही, ते पुढच्या वर्षी बघू. रत्नागिरीच्या काकांना विचारायचं होतं, वारा अडवायला काय लावावं? आणि सगळा हापूसच लावावा का?

बागायतदार (रत्नागिरी):

सगळा हापूस लावू नका. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातली रत्ना ही जात थोडी मिसळा. तो नीलम आणि हापूसचा संकर, दरवर्षी धरतो आणि त्यात साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) होत नाही. मध्ये मध्ये दुसरी जात असली की हापूसची फळधारणाही सुधारते. वाऱ्यासाठी पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या गडग्याला सुरू आणि बांबूची दाट रांग धरा, उंडीही चालेल. पण ही रांग कलमांच्या आधी लावा, म्हणजे कलम अंगाने भरेपर्यंत ती उंच झालेली असेल. आणि कलमांत दहा मीटरचं अंतर सोडणार असाल तर छाटणीला सवड मिळेल, त्याहून जवळ लावलीत तर पहिल्या वर्षापासून कात्री हातात ठेवा. खड्डे मे संपायच्या आत भरून घ्या.