अभियंत्याला व्यवस्थापकपदासाठी कच्चा का समजतात?

धागालेखक (जळगाव)

इथल्या औद्योगिक वसाहतीत पाइप, ठिबक संच आणि प्लॅस्टिकच्या चटया बनवणाऱ्या अनेक कारखान्यांत अभियंत्याला यंत्र कळते, माणसे कळत नाहीत, असा समज रुजलेला दिसतो. म्हणूनच प्लांट हेडची (कारखानाप्रमुखाची) जागा रिकामी झाली की, एक्स्ट्रूडर लाइन (प्लॅस्टिक वितळवून त्याला आकार देणारी यंत्रे) वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याला डावलून बाहेरून एमबीए झालेला उमेदवार आणतात. मला हे अन्यायाचे वाटते. रात्रपाळीत लाइन बंद पडल्यावर घाबरलेल्या ऑपरेटरला धीर देणे, मेंटेनन्स आणि क्वालिटी यांचा वाद मिटवणे, कोणती ऑर्डर आधी काढायची ते ठरवणे, हे व्यवस्थापन नव्हे तर काय? १८८४ मध्ये सहायक अभियंता म्हणून नोकरीला लागून याच खानदेशात पांझरा नदीच्या प्रवाहावर काम केलेले विश्वेश्वरय्या १९१२ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले.

प्रतिसाद (भुसावळ)

विश्वेश्वरय्यांसारखी माणसे अपवादात्मक असतात. त्यांच्यावरून नियम ठरवता येत नाही. उत्तम अभियंत्याला साहेब केल्यावर तो बिघाड दिसताच स्वतःच पाना हाती घेतो, हाताखालचे शिकत नाहीत, आणि रजा, मूल्यमापन, कंत्राटी कामगारांच्या तक्रारी मात्र टेबलावर पडून राहतात, हे मी जवळून पाहिले आहे. गूगलने २००९ मध्ये चांगल्या व्यवस्थापकाचे गुण शोधायला सुरुवात केली, तेव्हा निघालेल्या आठ गुणांत तांत्रिक ज्ञान शेवटचे होते. पहिले होते हाताखालच्यांना घडवणे.

धागालेखक

शेवटचे असले तरी ते त्या आठांत होते, आणि बाकीचे सात गुण शिकवता येतात, हेही तिथेच दिसले. आपल्याकडे अभियंत्याला कॉस्ट शीट (उत्पादनखर्चाचा तक्ता) दाखवत नाहीत, ग्राहकाच्या बैठकीला नेत नाहीत, आणि मग त्याला धंदा कळत नाही, असे म्हणतात. संधी न देताच काढलेला हा निष्कर्ष मला मान्य नाही.

प्रतिसाद (धुळे)

माझा आक्षेप दोघांवरही आहे. प्रत्येक अभियंत्याला साहेब व्हायचे नसते. पगार वाढण्याचा दुसरा मार्गच नसल्याने तो नाइलाजाने त्या खुर्चीकडे पाहतो. तज्ज्ञ अभियंत्यासाठी प्लांट हेडच्या तोडीची वेगळी श्रेणी असावी.

प्रतिसाद (भुसावळ)

वेगळी श्रेणी मला पटते. कॉस्ट शीटचा मुद्दाही रास्त आहे. मात्र ज्याला खुर्ची हवी आहे, त्याला आधी सहा महिने एका पाळीची पूर्ण जबाबदारी द्यावी, आणि त्या काळात यंत्राला हात लावू देऊ नये, यावर मी ठाम आहे.