'काल गेलो होतो' याला इंग्रजीत 'हॅड गॉन' का म्हणू नये?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, वसमत

नमस्कार. मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मुलांच्या निबंधांत आणि पत्रांत 'हॅड' जागोजागी येतो. सहलीवरच्या निबंधात निम्म्याहून अधिक वर्गाने पहिलेच वाक्य असे लिहिले : "लास्ट संडे वी हॅड गॉन टू औंढा नागनाथ." मी ते 'वी वेंट' असे दुरुस्त केले, तेव्हा एका मुलीने उभे राहून विचारले, "मॅडम, आपण 'गेलो होतो' असंच म्हणतो ना? मराठीच्या तासाला तर यालाच पूर्ण भूतकाळ म्हणतात." तिचे म्हणणे मराठी व्याकरणाला धरून आहे आणि तिला 'इंग्रजीत असे चालत नाही' एवढेच उत्तर देऊन खाली बसवणे मला पटत नाही.

मार्गदर्शकातला नियम असा आहे की भूतकाळात दोन क्रिया असतील तर आधीची पास्ट परफेक्टमध्ये आणि नंतरची सिंपल पास्टमध्ये लिहावी. पण हा नियम सांगितला की मुले "आय हॅड गॉट अप अँड ब्रश्ड माय टीथ" असे लिहू लागतात, कारण क्रिया दोन आहेत आणि उठणे आधीचे आहे. नियम पाळूनच वाक्य बिघडते आहे. तेव्हा 'हॅड' नेमका कधी लागतो आणि मराठीतून विचार करणाऱ्या मुलांना तो कसा उलगडून सांगावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

मॅडम, त्या मुलीचा प्रश्न वर्गात जरूर पुढे न्यावा, कारण सगळा गुंता तिथूनच सुटतो. मराठीतला 'होता' बरीच कामे करतो. 'रविवारी औंढ्याला गेलो होतो' म्हटले की जाऊन परत आलो, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. नुसते 'रविवारी औंढ्याला गेलो' म्हटले तर तो 'बरं, मग?' म्हणून पुढच्या हकिकतीची वाट पाहतो. 'सर, तुम्हाला भेटायला एक पालक आले होते' या वाक्यात ते पालक आता निघून गेले आहेत, हे एकट्या 'होते'मुळे समजते. गोष्ट होऊन गेली, तिचा परिणाम आता उरलेला नाही किंवा ती बरीच जुनी आहे, असे सांगायला मराठी 'होता' वापरते. इंग्रजीत या साऱ्यासाठी साधा भूतकाळ पुरतो : "अ पेरेंट केम टू सी यू."

इंग्रजीतला 'हॅड' यासाठी नाही. भूतकाळातल्या एखाद्या क्षणावर उभे राहून त्याच्याही मागे पाहायचे असेल, तरच तो लागतो आणि तो क्षण त्याच वाक्यात किंवा आसपासच्या वाक्यांत वाचकाला सापडावा लागतो. "लास्ट संडे वी हॅड गॉन टू औंढा" एवढेच वाचले की इंग्रजी वाचक 'कशाच्या आधी?' असे मनात विचारतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. म्हणून 'दोन क्रिया' हा नियम बाजूला ठेवावा आणि मुलांच्या हाती हा एकच प्रश्न द्यावा : कशाच्या आधी?

उठणे आणि दात घासणे या क्रिया दोन असल्या तरी सांगणारा घटनांच्या क्रमानेच पुढे चालला आहे, मागे वळलेला नाही. तिथे दोन्हीकडे साधा भूतकाळ हवा. पण तोच मुलगा शाळेत पोहोचल्यावर वही घरी राहिल्याचे सांगू लागला की तो मागे वळतो : "आय रीच्ड स्कूल अँड फाउंड दॅट आय हॅड लेफ्ट माय नोटबुक ॲट होम."

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या नजरेतून सहसा निसटते. 'आम्ही स्टँडवर पोहोचेपर्यंत बस गेली' या मराठी वाक्यात 'होती' नाही, तरी इंग्रजीत मात्र "बाय द टाइम वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट" असेच लिहावे लागते. म्हणजे 'होता' दिसला की 'हॅड' लावायचा आणि नाही दिसला की सोडायचा, ही सवय दोन्ही बाजूंनी फसवते.

उत्तर २ : इंग्रजीचे शिक्षक, औसा

सरांच्या म्हणण्याला फळ्यावरची जोड देतो. मी एक आडवी रेघ काढतो, तिच्यावर एका जागी खूण करतो आणि मुलाला तिथे बोट ठेवायला सांगतो. बोटाच्या डावीकडे जे असेल तेवढ्यालाच 'हॅड'. आमच्या भागातले एक उदाहरण मुलांना लगेच उमगते, कारण घराघरांत त्याची आठवण आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला आणि आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. "व्हेन द अर्थक्वेक स्ट्रक, पीपल हॅड गॉन टू बेड" या वाक्यात लोक आधीच झोपलेले होते. त्याच जागी "पीपल वेंट टू बेड" लिहिले तर भूकंप झाल्यावर लोक झोपायला गेले, असा भलताच अर्थ होतो. असे वाक्य मुले पुन्हा लिहीत नाहीत.

मात्र 'आफ्टर' आणि 'बिफोर' असले की क्रम त्या शब्दांतूनच कळतो, त्यामुळे तिथे 'हॅड' ऐच्छिक असतो. "आफ्टर द रेन स्टॉप्ड, वी वेंट टू द फील्ड" हे निर्दोष वाक्य आहे. उत्तरपत्रिकेत असे वाक्य दिसल्यास कृपया गुण कापू नयेत.

उत्तर ३ : वकील, परभणी

मी शिक्षक नाही, पण औरंगाबाद खंडपीठातल्या अपिलांसाठी मराठी जबाबांचे इंग्रजी भाषांतर नित्य तपासतो, म्हणून लिहितो. साक्षीदार म्हणतो, 'मी घरी आलो तेव्हा आरोपी पळून गेला.' याचे "व्हेन आय केम होम, द अक्यूज्ड रॅन अवे" असे भाषांतर केले तर साक्षीदाराने आरोपीला पळताना पाहिले असा अर्थ निघतो आणि तो प्रत्यक्षदर्शी ठरतो. "हॅड रन अवे" लिहिले तर तो पोहोचला तेव्हा आरोपी तिथे नव्हताच. मराठी वाक्य दोन्हीकडे झुकते, इंग्रजी झुकत नाही. भाषांतरकाराने जबाबातली पुढची-मागची वाक्ये वाचूनच निर्णय घ्यायला हवा, कारण या एका शब्दावर साक्षीचे वजन बदलते. मुलांना व्याकरणाची ही बाजूही दाखवावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका, वसमत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'कशाच्या आधी?' हा प्रश्न उद्याच फळ्यावर लिहिते. दोन शंका उरल्या आहेत. प्रेझेंट परफेक्टबरोबर गेलेल्या वेळेचा नेमका उल्लेख चालत नाही, तसे पास्ट परफेक्टचेही आहे का? आणि 'इफ'च्या वाक्यांत मुले दोन्हीकडे 'वुड हॅव' लिहितात, ते कशामुळे?

उत्तर ४ : निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

पास्ट परफेक्टबरोबर वेळ चालते. "द बस हॅड लेफ्ट ॲट फाइव्ह" हे शुद्ध आहे. फक्त 'अगो' जपून वापरावे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले तेव्हा देश स्वतंत्र होऊन तेरा महिने झाले होते. हे सांगताना "द कंट्री हॅड बिकम फ्री थर्टीन मंथ्स अर्लियर" असे लिहावे, कारण 'अगो' आजपासून मागे मोजते आणि 'अर्लियर' त्या दिवसापासून.

'इफ'चे कारण पुन्हा मराठीतच आहे. 'पाऊस पडला असता तर सोयाबीन वाचले असते' या वाक्याच्या दोन्ही भागांत 'असता-असते' आहे, म्हणून मुले "इफ इट वुड हॅव रेन्ड" असे लिहितात. इंग्रजीत 'तर'च्या आधीच्या भागात 'हॅड' आणि नंतरच्या भागात 'वुड हॅव' येते : "इफ इट हॅड रेन्ड, द सोयाबीन वुड हॅव सर्व्हाइव्ड." इथला 'हॅड' मात्र आधी-नंतर दाखवत नाही, जे घडलेच नाही ते दाखवतो. म्हणून 'कशाच्या आधी?' हा प्रश्न इथे लावू नये आणि ही वाक्ये वेगळ्या तासाला घ्यावीत.