ब्रॉडशीट पानाचं प्रूफ ए३ प्रिंटरवर कसं काढायचं?

पानजोड:
आमचं साप्ताहिक टॅब्लॉइडवरून (छोटं पान) ब्रॉडशीटवर (मोठं पान) जातंय. पान ३३ बाय ५२ सेंटिमीटर, प्रिंटर ए३ पर्यंतचा. ‘फिट’ करून काढलं तर मुद्रितशोधक म्हणतात, अक्षरं मुंगीएवढी झाली. प्लॉटरचं, म्हणजे मोठ्या कागदावर छापणाऱ्या प्रिंटरचं, बजेट नाही. तुम्ही काय करता?

काळीशाई:
प्रिंट कशाला? मोठा मॉनिटर घ्या, झूम करा आणि वाचा.

रात्रपाळी:
मला नाही पटत. झूम केलं की ओळ दिसते, पान दिसत नाही. आणि ‘उर्वरित पान ५ वर’ लिहिलंय खरं, पण पाचव्यावर ती बातमी आहे का, हे पानं शेजारी मांडल्याशिवाय कोण बघतो?

पानजोड, ए३ आडवा धरा. उंची २९.७, रुंदी ४२. असे दोन कागद एकाखाली एक लावले की ५९.४ उंची झाली, म्हणजे तुमचं पान पूर्ण मापात बसतं. ॲक्रोबॅटच्या प्रिंटमध्ये ‘पोस्टर’ निवडा, स्केल १००, ओव्हरलॅप दीड-दोन सेंटिमीटर. ओव्हरलॅप विसरलात तर नेमकी जोडावरची ओळ अर्धी कापली जाते आणि मुद्रितशोधक तुम्हाला शोधत येतात.

फिट केलेलं प्रूफही काढाच, पण ते वाचायला नाही, बघायला. पान ७८-७९ टक्क्यांवर येतं, नऊ पॉइंटचा मजकूर सातचा होतो. दोन मथळे शेजारीशेजारी भांडतायत का, फोटोतला माणूस पानाबाहेर बघतोय का, हे त्यावर पटकन कळतं.

आणि प्रूफ छापखान्यात जाणाऱ्या पीडीएफवरूनच काढा, पान ज्यात लावलं त्या इनडिझाइनच्या फाइलवरून नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट नीट एम्बेड झाला (आत साठवला गेला) नसेल तर रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, आणि मूळ फाइलीत सगळं ठणठणीत दिसत असतं. शेवटची दुरुस्ती झाली की पीडीएफ नवं आणि त्या अर्ध्या पानाचं प्रूफही नवं. एक शब्द वाढला की कॉलमच्या तळाची ओळ चौकटीबाहेर जाऊन गडप होते.

पानजोड:
वा, दोन कागदांत बसतं हे डोक्यातच आलं नव्हतं. रंगाचं काय? प्रिंटरवर फोटो झकास येतात, अंकात काळवंडतात.

रात्रपाळी:
ऑफिस प्रिंटरचा रंग बघूच नका. न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, शाई पितो, छपाईचं टिंब पसरतं, मधल्या छटा गडद होतात. छापखान्याकडून त्यांचं आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि फोटोंचे रंग त्यानुसार बदलून घ्या. एका जागी चारही रंगांची मिळून एकूण शाई २४० टक्क्यांच्या वर नको.

मजकुरासाठी ॲक्रोबॅटच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये काळ्या प्लेटची, म्हणजे काळ्या शाईच्या थराची, टिक काढा. काळा मजकूर सगळा नाहीसा व्हायला हवा. भुरकट अक्षरं उरली तर तो मजकूर चार रंगांत गेलाय. रजिस्टर (रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं) केसभर हललं तरी अशी बारीक अक्षरं दुहेरी दिसतात.

काळीशाई:
हे मात्र मॉनिटरवरच तपासता ना!

रात्रपाळी:
हो, एवढंच. वाचायला कागद.