जुन्या लॅपटॉपवर वायफाय आणि लॅनचा ब्रिज होत नाहीये, मांगरातल्या एनव्हीआरला आयपीच मिळत नाही

कलमबाग
नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचं घर, आणि घरापासून ६० मीटरवर कलमांच्या बागेत मांगर (राखणीचं शेतघर). घरी फायबरचं कनेक्शन आहे, राउटर १९२.१६८.१.१ वर. मांगरात चार कॅमेरे आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बसवलाय, कारण आंबा तयार व्हायला लागला की चोरी होते आणि यंदा बिबट्या पण दोनदा येऊन गेला, बाबा एकटेच झोपतात तिकडे, मला पुण्यातून बघता यायला हवं. एनव्हीआरला वायफाय नाही, फक्त लॅन पोर्ट. म्हणून जुना लॅपटॉप डेबियन लिनक्स टाकून मांगरात ठेवलाय (लाइट गेली तरी तासभर चालतो), तो घरचं वायफाय पकडतो आणि त्याच्या लॅनला स्विच, स्विचला एनव्हीआर.

वायफाय आणि लॅन मिळून एकच नेटवर्क व्हावं म्हणून लॅपटॉपवर ब्रिज बनवला, लॅन पोर्ट त्यात गेला, पण वायफाय टाकायला गेलो की 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड'. कुठेतरी वाचून फोर-ॲड्रेस मोड ऑन केला, मग वायफाय ब्रिजमध्ये गेलं पण लॅपटॉपचंच नेट बंद. दोनदा गावी जाऊन आलो यासाठी. काय चुकतंय?

तार_जोडणारा
दादा, कमांड बरोबर आहेत तुमच्या, अडचण वायफायच्या रचनेतच आहे. लॅपटॉप जेव्हा राउटरला क्लायंट म्हणून जोडतो तेव्हा त्याच्या पॅकेटवर तीनच पत्ते असतात, राउटरचा, पाठवणाऱ्याचा आणि जिथे जायचंय त्याचा. 'पाठवणारा मी, पण मूळ माल एनव्हीआरचा' हे लिहायला जागाच नाही. एनव्हीआरचा मॅक (यंत्राचा स्वतःचा पत्ता) तसाच पुढे ढकलला तर राउटर म्हणतो हा कोण, याने माझ्याकडे लॉगिनच केलेलं नाही, आणि पॅकेट टाकून देतो. म्हणून लिनक्स आधीच नाही म्हणतं. फोर-ॲड्रेसमध्ये चौथा पत्ता लिहिता येतो पण ते समोरच्या राउटरलाही यायला हवं, त्याला डब्ल्यूडीएस म्हणतात, आणि कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ते बहुतेक नसतंच. तुमचं नेट तिथेच गेलं.

आज रात्रीपुरतं काम हवं असेल तर ब्रिज सोडा, राउटिंग करा. लॅन पोर्टला १९२.१६८.५०.१ द्या, आयपी फॉरवर्डिंग (एका बाजूचा माल दुसरीकडे पाठवणं) चालू करा, वायफायच्या बाजूला नॅट लावा, म्हणजे एनव्हीआरचा माल लॅपटॉपच्याच नावाने जाईल, आणि डीएनएसमास्क या आयपी वाटणाऱ्या प्रोग्रामने एनव्हीआरला ५० च्या रेंजमधला आयपी द्या. मोबाइल ॲपमधून कॅमेरे दिसतील कारण एनव्हीआर स्वतःच बाहेर कनेक्शन करतो. घरातल्या टीव्हीवरून थेट एनव्हीआर उघडणार नाही, तेवढं सोसावं लागेल.

आणि पुढे कधी खरा ब्रिज केलात तर आयपी ब्रिजला द्यायचा, आतल्या पोर्टला नाही. दोन्हीकडे ठेवला की कधी चालतं कधी नाही, आणि माणूस वेडा होतो शोधून.

रत्नांग्री_फायबर
६० मीटर आहे तर वायफायच्या मागे कशाला लागताय, तार टाका. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, पण कोकणात दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकू नका हे मी कळकळीने सांगतो. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो त्याच तारेतून जातो, स्विच, राउटर, एनव्हीआर सगळं एका झटक्यात. फायबर ड्रॉप केबल आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन पोर्टशी जोडणारे डबे) घ्या, काचेतून करंट जात नाही. त्या केबलला आधाराची लोखंडी तार असते, ती भिंतीबाहेरच बांधून तोडा, आत आणू नका.

कलमबाग
खूप आभार दोघांचे. त्याच रात्री राउटिंग केलं, बाबांना फोनवर एकेक कमांड वाचून दाखवत, आणि कॅमेरे दिसले. काल फायबर पण टाकली, मांगरातल्या त्याच स्विचला जोडली. पण आता नवीनच, घरात आईचा मोबाइल आणि टीव्ही नीट चालतायत, बहिणीच्या लॅपटॉपवर नेट एकदम हळू. फायबर खराब असेल का? कन्व्हर्टरचे लिंकचे दिवे दोन्हीकडे हिरवे आहेत.

तार_जोडणारा
फायबरला हात लावू नका. बहिणीच्या लॅपटॉपचा आयपी बघा, १९२.१६८.५० ने सुरू होणारा निघतो का?

कलमबाग
हो! १९२.१६८.५०.१३७. हे कसं काय?

तार_जोडणारा
मांगरातला लॅपटॉप अजून त्या स्विचला लावलेलाच आहे ना. त्यातला डीएनएसमास्क आता फायबरमधून आख्ख्या घराला आयपी वाटतोय. डीएचसीपीचा, म्हणजे 'मला आयपी कोण देतं' हा प्रश्न सगळ्यांना ओरडून विचारला जातो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं यंत्र ऐकतं, म्हणून काहींना राउटरचा आयपी आणि काहींना लॅपटॉपचा. बहिणीचं सगळं ट्रॅफिक फायबरने मांगरात जाऊन लॅपटॉपच्या वायफायवरून परत घरी येतंय. लॅपटॉपची लॅन केबल काढा, मग एनव्हीआर आणि बहिणीचं मशीन रीस्टार्ट करा. आणि त्या लॅपटॉपवर ब्रिजचे प्रयोग फायबर जोडलेली असताना करू नका, एकाच नेटवर्कला दोन वाटा झाल्या की ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत राहतात. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, थांबत नाहीत, सगळं घर ठप्प होतं. लिनक्स ब्रिजमध्ये एसटीपी (असं गोल फिरणं रोखणारी सोय) बहुतेक वेळा बंदच असतं, तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत.

कलमबाग
केबल काढली. एनव्हीआरला १९२.१६८.१.४० आला, राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवला, आता घरच्या टीव्हीवर पण चारही कॅमेरे उघडतायत. बाबा म्हणाले लॅपटॉप परत ने, इथे उंदीर वायर खातात.